बाईक निवडायची ती मागच्या सीटवरून

पाऊस ओसरायला लागला की वाचकांकडून एक प्रश्न ठरल्यासारखा येतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच: "बजेट तीन लाखांच्या आसपास. मी आणि मिसेस. पुण्याहून कोकण, वर्षातून एकदा गोवा, जमलं तर हंपी. नवी 400 घेऊ की जुनी 650? ओळखीतला एक जण निंजा 1000 द्यायलाही तयार आहे." मिसेसचा उल्लेख येतो तो एवढाच. पुढचं अख्खं पत्र पिकअप, टॉप स्पीड आणि सायलेन्सरच्या आवाजावर.

मागे बसणारी व्यक्ती पत्नी असेल, नवरा असेल, मुलगी किंवा मित्र असेल. पहिल्याच ट्रिपला तिची कंबर धरली, तर दुसऱ्या ट्रिपला ती येत नाही. मग गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली बसते आणि वर्षभरात विकायला निघते. 'सिंगल ओनर, कमी रनिंग' म्हणून जाहिरातीत दिसणाऱ्या कितीतरी टूरिंग बाईकची कथा हीच असते. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना मागे बसणाऱ्यालाही सोबत न्या, आणि पसंतीचा पहिला शब्द त्याचा ठेवा.

आधी रस्ते ठरवा, मग सीसी

मोठ्या स्पोर्ट-टूरिंग बाईक बनतात त्या मोकळ्या, वेगवान महामार्गांसाठी. आपल्याकडे नेमके तेच रस्ते दुचाकींना बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बाईक चालत नाही, समृद्धी महामार्गावर नाही, अटल सेतूवर नाही, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही नाही. उरतो तो जुना मुंबई-पुणे रस्ता, कोल्हापूर-बेळगावकडे जाणारा 48 क्रमांकाचा महामार्ग, कोकणातला 66 क्रमांकाचा, आणि घाट. आंबा, ताम्हिणी, आंबोली, गगनबावडा, माळशेज. केंद्राने 2018 मध्ये ठरवलेल्या मर्यादेनुसार चौपदरी महामार्गावरही दुचाकीला ताशी 80 किलोमीटरच्या वर परवानगी नाही.

म्हणजे तुमची गाडी 200 चा वेग गाठते का, हा प्रश्न बाद. तुम्हाला हवी आहे ती दोन माणसं आणि सामान घेऊन 80 ला शांतपणे चालणारी, ट्रकला ओलांडताना दोन गिअर पाडायला न लावणारी आणि घाटाच्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये न गुदमरणारी गाडी. त्यासाठी कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क बघायचा. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात छापतात ती कमाल ताकद, आणि ती बहुतेक गाड्यांत लाल रेषेच्या जवळ मिळते. डबलसीट तिथपर्यंत कोणी जात नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 नुसार चालकामागे एकच जण बसू शकतो. "आम्ही दोघं आणि लेक" असा बेत असेल, तर जुन्या हॅचबॅक कारचा विचार करा. हा सल्ला बाईकवाल्यांना आवडत नाही, पण इलाज नाही.

वजनाचा हिशेब कागदावर मांडा

हा हिशेब जवळजवळ कोणीच करत नाही. चालक 80 किलो, मागे बसणारी व्यक्ती 60. दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून 10. चार दिवसांचं सामान 20. मागची डिक्की आणि तिची प्लेट 6. बेरीज 176 किलो. होंडा सीबीआर 250 आरची एबीएसवाली गाडी स्वतःच 167 किलोची आहे. त्या गाडीवर तुम्ही आणखी एक गाडी चढवताय.

प्रत्येक बाईकच्या मॅन्युअलमध्ये कमाल भार दिलेला असतो. तो आकडा चालक, मागचा माणूस, सामान आणि नंतर बसवलेले गार्ड-रॅक हे सगळं धरून असतो. विक्रेत्याकडे मॅन्युअल नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. तुमची बेरीज त्या आकड्याच्या पुढे जात असेल, तर ती बाईक तुमच्यासाठी नाही. घासाघीस करून किंमत उतरेल, भार उतरत नाही.

भार आला की मागचं सस्पेन्शन बसतं, गाडीचं तोंड वर होतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि वळणावर पुढचं चाक हलकं वाटू लागतं. यावरचा उपाय म्हणजे मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड वाढवणं. कावासाकी व्हर्सिस 650, सुझुकी व्ही-स्ट्रॉम 650 आणि निंजा 1000 या गाड्यांना त्यासाठी बाजूला हाताने फिरवायची गोल मूठ असते. पेट्रोल भरता भरता काम होतं. इतर बहुतेक गाड्यांत टूलकिटमधला पाना घालून स्प्रिंगखालची कडी फिरवावी लागते. जुन्या गाडीत ती कडी चिखलाने आणि गंजाने जाम झालेली असते, म्हणून बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला ती फिरवून दाखवायला सांगा. फिरली नाही, तर गाडी डबलसीटसाठी कधी तयारच केलेली नाही, एवढं कळतं.

मागची सीट: दहा मिनिटं बसवा

माझ्या परिचयाचं एक जोडपं अशीच एक रुबाबदार, फेअरिंगवाली बाईक बघायला गेलं होतं. त्याने इंजिन ऐकलं, तिने सीट पाहिली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी मेन स्टँडवर असतानाच, ती मागे बसली आणि बसूनच राहिली. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तिचे गुडघे नवऱ्याच्या कोपराला लागायला लागले. सातव्या मिनिटाला तिने डावा पाय फुटरेस्टवरून खाली सोडला. सौदा तिथेच संपला. किमतीची गोष्टसुद्धा निघाली नाही.

तुम्हीही हेच करा. दहा मिनिटं, हेल्मेट घालून. आणि हे बघा:

- गुडघ्याचा कोन. सीट आणि मागचा फुटरेस्ट यांत अंतर कमी असेल तर गुडघे छातीकडे येतात. स्पोर्ट्स बाईकमध्ये हा दोष हमखास.
- सीटची रुंदी आणि उतार. पुढे उतरती सीट असेल तर प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस तुमच्या पाठीवर येतो. दोन तुकड्यांची सीट असेल तर मागचा तुकडा पंजाने दाबून बघा. फोम बसलेला असेल तर खालचं प्लास्टिक लागतं. सीट नव्याने बांधून मिळते, कोनही थोडा बदलतो, पण फुटरेस्टची जागा बदलत नाही.
- धरायची जागा. केंद्रीय मोटार वाहन नियम 123 नुसार मागे बसणाऱ्यासाठी कायमचा हँडग्रिप, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण ही तीन साधनं गाडीला असायलाच हवीत. तिसऱ्याला आपण साडीगार्ड म्हणतो. मोठ्या बाईकचे मालक शोरूममधून निघाल्यावर पहिलं काम साडीगार्ड काढण्याचं करतात. तो माळ्यावर पडलेला असतो. किमतीत धरून मागून घ्या.
- सायलेन्सरची उष्णता. पोटरी आणि टाच यांच्यापासून नळी किती लांब आहे ते इंजिन गरम झाल्यावर बघा.
- वारा. मागची सीट फार उंच असेल तर विंडस्क्रीनचा फायदा चालकाला, आणि वाऱ्याचा सगळा मारा मागच्याच्या हेल्मेटवर.

साडी नेसून, एका बाजूला पाय टाकून लांबचा प्रवास करायचा असेल, तर उंच स्पोर्ट-टूरिंग बाईक घेऊ नका. अशा बसण्यात सगळं वजन एका अंगाला जातं आणि घाटातल्या वळणावर चालकाला ते सारखं सावरावं लागतं. दोन्ही बाजूंना पाय टाकून, जॅकेट आणि बूट घालून बसणारा सहप्रवासी गृहीत धरूनच या गाड्या बनतात.

चढणं-उतरणं, आणि तुमचे पाय

डबलसीट पडलेल्या बाईकचं दृश्य बहुधा महामार्गावरचं नसतं. ते हॉटेलच्या पार्किंगमधलं असतं. मागचा माणूस डाव्या फुटरेस्टवर पाय देऊन वर चढतो, त्या क्षणी त्याचं सगळं वजन एका बाजूला असतं. चालकाचे पाय टोकावर टेकत असतील आणि जमीन थोडी उतरती असेल, तर सव्वादोनशे किलोची गाडी हातात राहत नाही.

म्हणून सीटची उंची बघा. डोमिनार 400 आणि हिमालयन 411 ची सीट 800 मिलिमीटरवर आहे, इंटरसेप्टर 650 ची 804, निंजा 1000 एसएक्सची 835, व्हर्सिस 650 ची 840 च्या आसपास, केटीएम 390 ॲडव्हेंचरची 855. साडेपाच फुटांच्या चालकाला शेवटच्या दोन गाड्यांवर दोन्ही तळवे टेकणं अवघड जातं. दोघं बसल्यावर गाडी खाली बसते आणि पाय टेकतात हे खरं, पण दुसरा माणूस चढत असताना तुम्ही एकटेच बसलेले असता. कसोटी त्या वेळची आहे.

मग पाहायच्या कोणत्या?

*कमी बजेट.* होंडा सीबीआर 250 आर 2011 मध्ये आली आणि 2020 मध्ये बीएस-6 न होताच गेली. फेअरिंग आहे, बसायची ठेवण सरळ आहे, इंजिन दणकट आहे. सामान कमी आणि दोघंही हलके असतील तर आजही ती चांगली आहे. फेअरिंगचे तुकडे आणि खास पार्ट वेळेवर मिळतात का, ते तुमच्या गावातल्या मेकॅनिकला आधी विचारा.

*मधला गट,* आणि बहुतेक वाचकांचं उत्तर इथेच आहे. बजाज डोमिनार 400 घेणार असाल तर 2019 किंवा त्यानंतरची बघा. आधीच्या गाडीत 35 पीएस, या गाडीत 40 आणि पुढचे शॉकअपही सुधारलेले. 2021 च्या अखेरपासून उंच विंडस्क्रीन, मागचा टेका आणि कॅरिअर कंपनीतूनच बसून येऊ लागले. दिसायला ती कोणाला वेड लावत नाही, पण पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात आणि पंक्चरवाल्यापासून मेकॅनिकपर्यंत तिला सगळे ओळखतात. केटीएम 390 ॲडव्हेंचर (2020 पासून) चालवायला जास्त मजेची, पण मागच्या सीटच्या परीक्षेत डोमिनारच्या खाली. हिमालयन 411 ची ताकद जेमतेम 24 पीएस, तरी 32 न्यूटन मीटरचा टॉर्क खालीच मिळतो, त्यामुळे घाटात ती कुरकुर करत नाही. महामार्गावर मात्र दोघांसह ओव्हरटेक करताना आधी विचार करावा लागतो. घ्यायचीच तर फ्युएल इंजेक्शन आणि एबीएस असलेली घ्या, सुरुवातीची कार्ब्युरेटरची नको.

इंटरसेप्टर 650 ही खरं तर टूरिंग बाईक नाही. वारा अडवायला काही नाही, मूळ सीट कडक. पण दोन सिलिंडर, 52 न्यूटन मीटर, फारशी थरथर नाही आणि पार्ट परवडणारे. विंडस्क्रीन आणि बरी सीट बसवली की दोघांसाठी ही गाडी चांगली जमते.

*त्यावरचा गट.* व्हर्सिस 650, व्ही-स्ट्रॉम 650 एक्सटी, होंडा सीबी 500 एक्स, बेनेली टीआरके 502. दोन माणसं आणि सामान यांच्यासाठी मुळातूनच आखलेल्या गाड्या या. माझा कौल व्हर्सिसला: 649 सीसीची दोन सिलिंडर, 21 लिटरची टाकी, प्रीलोडची ती गोल मूठ, आणि मागची सीट खरोखर माणसाने बसावं अशी. मात्र टायरची जोडी वीस हजारांच्या पुढे सहज जाते आणि चेन-स्प्रॉकेटच्या किमतीत एखादी जुनी स्कूटी येईल.

*निंजा 1000.* आपल्याकडे मिळणारी ही अस्सल स्पोर्ट-टूरर: 1043 सीसी, चार सिलिंडर, 2020 च्या एसएक्स मॉडेलमध्ये 142 पीएस. मोठी गाडी चालवायची सवय असेल, तर दोघांसह ती फार गुळगुळीत चालते. सवय नसेल तर मागे माणूस बसवून शिकायची ही गाडी नव्हे. आणि "स्वस्तात मिळतेय" या वाक्याला भुलू नका. खरेदी स्वस्त असते, सांभाळणं नव्या गाडीच्याच भावाचं असतं.

किमतीबद्दल एक नवी गोष्ट. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या नव्या बाईकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवरचा 40 टक्के झाला. 350 च्या आतली जुनी गाडी कोणी त्याआधीच्या भावाने सांगत असेल, तर नव्या गाडीचं ऑन-रोड कोटेशन समोर ठेवा. 350 च्या वरच्या गाड्यांचे मालक मात्र आता हट्टाला पेटलेले भेटतील, आणि त्यात थोडं तथ्यही आहे.

गाव कोणतं, यावरही निवड ठरते. मोठ्या बाईकचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून दीडशे किलोमीटरवर असेल, तर प्रत्येक सर्व्हिसला एक रजा आणि बिघडली तर टेम्पोचं भाडं, असा हिशेब धरा.

गाडी पाहायला जाल तेव्हा

सकाळी जा, उजेडात जा, आणि "गाडी सुरू करून ठेवू नका" असं फोनवरच सांगा. पोचल्यावर आधी इंजिनच्या बाजूला हात लावा. गरम लागलं, तर थंड इंजिनचा आवाज किंवा धूर लपवायचा होता, असं समजायला हरकत नाही.

- अपघाताची खूण. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. ते जिथे अडतं, तिथे फ्रेमच्या मानेवर एक छोटा ठोकळा असतो. त्याचा रंग थोडा उडालेला चालेल. तो चेपला असेल, वाकला असेल किंवा वेल्डिंग दिसत असेल, तर पुढचं काही न बघता चहा पिऊन परत या. लिव्हरची टोकं, फुटरेस्टचे कोपरे आणि इंजिनच्या कव्हरवरचे ओरखडे गाडी कुठल्या अंगावर पडली ते सांगतात. पार्किंगमध्ये पडलेली गाडी वर्ज्य नाही.
- कोनसेट. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हलकेच फिरवा. मध्यावर खाच लागली तर कोनसेट गेला.
- शॉकअप. पुढच्या नळ्यांवर तेलाचं वर्तुळ म्हणजे ऑइल सील गेलं. मागची सीट जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा उसळली तर मागचा शॉक संपलाय, आणि डबलसीटसाठी हा सर्वांत महागडा दोष.
- मागचं चाक. दोन्ही हातांनी आडवं हलवा. खडखड आली तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचं बुश.
- टायरचं वय. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. पाच वर्षं उलटलेला टायर नक्षी कितीही भरलेली असली तरी बदलायचा, आणि ते पैसे किमतीतून वजा करायचे.
- डिस्क. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते. कडेला बोटाला धार लागली तर ती झिजलेली आहे.
- रनिंग. ओडोमीटरवर विश्वास ठेवू नका. नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि शेवटच्या सर्व्हिसला किती किलोमीटर होते ते मालकाकरवी विचारा. 'नऊ हजार चालली' अशा गाडीला टायरचा दुसरा संच आणि गुळगुळीत झालेले फुटरेस्टचे रबर असतील, तर आकडा आणि गाडी यांतलं एक खोटं आहे.
- गंज. कोकण, गोवा आणि मुंबईच्या किनाऱ्यावरची गाडी असेल तर रेडिएटरच्या जाळ्या, स्पोक, वायरिंगचे जोड आणि सायलेन्सरची खालची बाजू टॉर्चने बघा.

बाहेरचा सायलेन्सर बसवलेला असेल तर मूळ सायलेन्सर सौद्यात हवाच. पुणे-मुंबईत पोलीस असे सायलेन्सर उतरवून त्यांवर रोलर फिरवतात, आणि तसंही चारशे किलोमीटर तो आवाज मागे बसणाऱ्याच्या कानांना सोसवत नाही.

एबीएसबाबत तडजोड नको. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं. त्याआधीची गाडी असेल तर त्या मॉडेलला एबीएस होतं का ते खात्री करून घ्या. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून, गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल, तर कोणीतरी बल्ब काढून दोष झाकलाय.

टेस्ट राइड: आधी एकट्याने, मग दोघांनी

विमा चालू आहे का ते बघूनच गाडीवर बसा. मालक बिचकत असेल तर तुमची गाडी त्याच्या दारात लावा.

एकट्याने दहा मिनिटं झाली की दोघं बसा. एक चढ, एक स्पीडब्रेकर, एक यू-टर्न आणि मोकळ्या जागी एक जोराचा ब्रेक, एवढं पुरे. स्पीडब्रेकरवर मागून 'ठक्' असा आवाज आला तर सस्पेन्शन तळाला लागतंय. ब्रेकला हेल्मेटवर हेल्मेट आदळत असेल तर मागच्याला धरायची जागा चुकीची आहे. चढावर अर्धा क्लच देऊन निघताना करपल्यासारखा वास आला तर क्लचप्लेट गेल्या. उतरल्यावर पहिला प्रश्न मागे बसणाऱ्याला विचारा, आणि विक्रेत्यापासून थोडं लांब जाऊन विचारा. त्याच्यासमोर सगळे "छान आहे" म्हणतात.

कागद

जो विकतोय त्याचंच नाव आरसीवर आहे ना? मधला माणूस कोऱ्या फॉर्मवर आधीच्या मालकाच्या सह्या घेऊन गाडी फिरवत असेल, तर किंमत कितीही चांगली असली तरी सोडा.

- 'परिवहन' संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालक, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा तपासा. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा.
- ई-चलन बाकी असतील तर ती विक्रेत्याने सौद्याआधी भरायची.
- बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. "कर्ज फिटलंय, फक्त आरसीवरून काढायचंय" असं कोणी म्हणालं, तर आधी काढून आणायला सांगा.
- नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने 14 दिवसांत कळवायचं असतं, तुम्ही 30 दिवसांत अर्ज करायचा असतो.
- दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. दिल्ली किंवा गोव्याची गाडी 'चाळीस हजारांनी स्वस्त' असते ती बहुधा याच कारणाने. गोव्याच्या गाडीत आणखी एक बघा: ती आधी भाड्याने फिरणारी, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची तर नव्हती ना.
- 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही पाहून घ्या.

आपली जुनी गाडी विकून ही घेत असाल, तर तिच्याही नावबदलाचा पाठपुरावा करा. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलंय.

विमा: मागच्या माणसाला संरक्षण आहे का?

हा भाग घाईत वाचू नका. स्वस्त पडते म्हणून जुन्या गाडीला नुसती थर्ड पार्टी पॉलिसी काढायची पद्धत आहे. तुमच्या मागे बसलेली व्यक्ती या पॉलिसीत धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तिलक सिंह प्रकरणात तसा निकाल दिला. सर्वसमावेशक पॉलिसीत मात्र मागचा प्रवासी येतो. विमा नियामकाने 2009 च्या परिपत्रकात कंपन्यांना तसं बजावलं आहे. डबलसीट फिरायचं असेल, तर गाडी आठ वर्षांची असो की दहा, पॉलिसी सर्वसमावेशकच घ्या.

चालक-मालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कवच तुमच्यासाठी असतं, मागच्यासाठी नसतं. त्याच्यासाठी वेगळं कवच थोड्या जादा हप्त्यात जोडता येतं. पॉलिसीच्या कागदावर ते ओळीनिशी छापलेलं दिसलं पाहिजे. एजंटने फोनवर सांगितलेलं चालत नाही.

विक्रेत्याची पॉलिसी चालू असेल तर तिचा थर्ड पार्टी भाग कलम 157 नुसार गाडीबरोबर तुमच्याकडे येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. 14 दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. नो-क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यात थोडा फरक भरावा लागेल.

मालकाकडून की दुकानातून?

मालकाकडून घेतली तर किंमत कमी आणि गाडीचा इतिहास समोर; पण नंतर दोष निघाला तर ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, कारण तो व्यापारी नाही. म्हणून साध्या करारात किलोमीटर, अपघात झाला आहे की नाही, बोजा आणि थकीत चलन यांबद्दल त्याने जे सांगितलं ते लिहून घ्या. ताबा दिल्याची तारीख आणि वेळही लिहा. त्या दिवशी सकाळी त्याने तोडलेल्या सिग्नलचं चलन तुमच्या माथी नको.

दुकानातून घेत असाल, तर 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते दाखवायला सांगा. पावती पक्की घ्या आणि वॉरंटीचे शब्द त्यावर लिहून घ्या. दोष लपवला असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. आधी लेखी नोटीस, मग राष्ट्रीय हेल्पलाइन 1915, मग जिल्हा आयोग.

इसार देताना रक्कम थोडी ठेवा, ऑनलाइन द्या, आणि "आरसी, बोजा व चलन तपासणीच्या अधीन, न जमल्यास परत" एवढं वाक्य मेसेजमध्ये त्याच्याकडून कबूल करून घ्या. पूर्ण रक्कम फॉर्म 29-30 वर सह्या झाल्यावरच द्या.

पहिला महिना

बजेट ठरवताना किमतीच्या पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवायला विसरू नका. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, ब्रेकपॅड आणि जरूर पडली तर चेन-स्प्रॉकेट, हे सगळं पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्या. विक्रेत्याने 'कालच केलं' म्हटलं तरी बिल नसेल तर केलं नाही असं धरा. टायरची हवा दोघांसाठी वेगळी असते. स्विंगआर्म किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर दोन रकाने असतात, त्यातला दुसरा आपला.

हेल्मेट दोन्ही डोक्यांना, आयएसआय खूण असलेलीच. नाहीतर कलम 194 डी खाली 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन. मागे बसणाऱ्यासाठी उरलंसुरलं जुनं हेल्मेट देऊ नका. त्याच्या मापाचं नवं घ्या, आणि दोघांना बोलता येईल असा इंटरकॉमही बघा.

पहिली डबलसीट फेरी दीडशे किलोमीटरच्या आत ठेवा, घाट असलेली आणि त्याच दिवशी परत यायची. पुणेकरांना भोर-मांढरदेवी, मुंबईकरांना कर्जतची बाजू. मधे दोनदा थांबा आणि दुसऱ्या थांब्यावर प्रीलोड एक-दोन टप्पे वाढवून बघा. फरक मागच्याला आधी जाणवतो. सामानाची डिक्की या फेरीत रिकामीच ठेवा, आणि भरायला लागाल तेव्हा जड वस्तू तिच्यात न टाकता बाजूच्या पिशव्यांत, चाकाच्या आसाजवळ जातील अशा ठेवा.